अँजिओप्लास्टीनंतर तेल-तूप पूर्ण बंद करायचं असतं का?

जाईजुई (मंगळवार, रात्री १०.४०)

आमचे अण्णा ६६ वर्षांचे, बार्शीला असतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. घरी सोडताना औषधांसोबत एक छापील कागद मिळाला. त्यात आहाराच्या रकान्यात एवढंच होतं: "तेल, तूप, नारळ, शेंगदाणे बंद."

आईने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि अक्षरशः पाळला. तेलाचा डबा शेजारच्या काकूंना देऊन टाकला. भाज्या पाण्यावर, आमटी बिनफोडणीची, भाकरीबरोबर ओलं काही नाही. अण्णांचा जीव उखळात कुटलेल्या शेंगाचटणीत. ती बरणीच धुऊन पालथी घातली. मागच्या आठवड्यात मी गेले होते, तर अण्णा भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होते. बोलले काहीच नाहीत. मला बघवलं नाही.

बरं, एवढं करून परवा रिपोर्ट आला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७४ वर उतरलंय (गोळी चालू आहे), पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९० चं २६० झालंय आणि वजन दीड किलोने वाढलंय! घरात तेलाचा थेंब नाही, मग हे आलं कुठून?

भाऊ म्हणतो तूप सुरू करा, जुनी माणसं वाटीने तूप प्यायची. वहिनी ऑलिव्ह ऑइल मागवू म्हणते, आत्या खोबरेल सांगते. आईचं एकच वाक्य, "मला धोका नको." डॉक्टरांची पुढची तारीख बारा दिवसांनी आहे. जाणकारांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी सांगा, तेल खरंच पूर्ण सोडायचं असतं का?

केवडा

अण्णांना लवकर आराम पडो. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे, म्हणून वाचतेय.

घाणेवाला_आप्पा

ताई, आधीच सांगतो की माझा लाकडी घाणा आहे, म्हणजे मी तेल विकून पोट भरतो. तेव्हा माझं बोलणं तेवढं तारतम्य ठेवून घ्या.

तुमच्या-आमच्या जिल्ह्यात रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या. काटेरी पीक, म्हणून बांधाकडेने लावली की जनावर आत शिरत नसे. तेच तेल वर्षभर घरात. करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल असतं (हे एक मेदाम्ल, म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्यातला एक घटक). शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक हे दुसरं मेदाम्ल असतं, ज्याच्यासाठी लोक ऑलिव्हचं नाव घेतात. (ऑलिव्हमध्ये ते आणखी जास्त, हेही खरं.) मी गिऱ्हाइकाला सांगतो की एक महिना शेंग, एक महिना करडई घ्या.

पण एक गोष्ट काळजावर दगड ठेवून सांगतो. घाण्याचं तेल म्हणून ते जास्त खाऊन चालत नाही. वास चांगला, चव चांगली, पण चमचाभर तेलातल्या कॅलरी घाण्यातून आल्या काय आणि रिफायनरीतून आल्या काय, सारख्याच. कालच एकजण म्हणाला, "आप्पा, तुमचं शुद्ध तेल, आता भजी रोज चालतील." त्याला मी तिथेच थांबवलं.

स्टेथो

जाईजुई, मी फिजिशियन आहे. अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही बोलणार नाही. गोळी मात्र कुणाचं ऐकून थांबवू नका.

तेल शून्य करणं हे उद्दिष्ट नाही. आपल्या शरीराला दोन मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत, लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की आहारातून मेद पूर्ण काढला तर कातडी खवले धरते, वाढ थांबते. माणसालाही ही दोन आम्लं अन्नातूनच मिळवावी लागतात. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मेदात विरघळणारी. गाजर-पालक खाल्ला, पण त्याबरोबर मेद नाममात्रही नसेल तर त्यातलं कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. आपल्या पालेभाजीची फोडणी नुसती चवीची नाही.

आता तुमचं कोडं. ट्रायग्लिसराइड हे फक्त खाल्लेल्या तेलातून येत नाही. जास्तीचा भात, भाकरी, मैदा, साखर यांपासून यकृत ते स्वतः तयार करतं. ताटातलं तेल काढलं की पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि माणूस एका भाकरीच्या दोन करतो. माझ्या दवाखान्यात हे आठवड्यातून दोनदा तरी दिसतं. दारू घेत असतील तर तीही मोजा, आणि साखरेची (एचबीएवनसी) तपासणी केली नसेल तर करून घ्या.

मला एक सांगा, अण्णा दुपारच्या चहाबरोबर काय खातात?

तूपभात

भावाचं बरोबर आहे. वरणभातावर तूप नाही म्हणजे जेवणच नाही. माझी आजी ९१ वर्षं जगली. घरी विरजण, घरचं लोणी, रोज चमचाभर साजूक तूप. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी साखर घालून आम्हा नातवंडांना द्यायची. तिला ना बीपी, ना शुगर. ही सगळी भीती रिफाइंड तेलवाल्यांनी घातलेली आहे.

शब्दवेल्हाळ

@तूपभात, बेरीची आठवण काढलीत, जिभेवर चव आली. पण आजी पाणी कुठून आणायची तेही लिहा. माझी आजी विहिरीवरून हंडे आणायची, जात्यावर दळायची, आणि तिचं तूपही "वाटीभर" नसायचं. गाय आटली की तूप बंद. वाटी सणाला, एरवी चमचा, तोही आधी पुरुषांच्या पानात.

स्टेथो

@तूपभात, आजींना नमस्कार. चमचाभर तुपाशी माझं भांडण नाही. पण तुपातला साठ टक्क्यांहून जास्त भाग संतृप्त मेद (थंडीत गोठणारा) असतो आणि संतृप्त मेद एलडीएल वाढवतो, हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. एकाच्या आजीवरून किंवा दुसऱ्याच्या आजोबांवरून हे ठरत नाही.

फिनलंडचं उदाहरण बघा. तिथल्या उत्तर करेलिया भागात लोणी आणि पूर्ण सायीचं दूध भरपूर खायचे, आणि ऐन चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जायचे. १९७२ मध्ये तिथे गावोगाव मोहीम सुरू झाली. लोणी कमी केलं, मोहरीच्या जातीतल्या बियांचं तेल आलं, मीठ आणि तंबाखू कमी झाली. चाळीस वर्षांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय लोण्याला देऊ नका, तंबाखूचाही वाटा आहे. पण मोठा भाग कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे होता.

तूपभात

ते लोक थंडीतले. आपल्याला ते कसं लागू?

स्टेथो

एलडीएल रक्तवाहिनीत साचायचं ते थंडीतही साचतं आणि बार्शीच्या उन्हातही. आपल्या लोकांत तर ट्रायग्लिसराइड जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल कमी आणि पोटाभोवती चरबी, हे त्रिकूट वरून असतं. त्यामुळे आपल्याला सवलत कमीच आहे.

मांडवीकाठ

नारळावर सगळे एवढे का उठतात? आम्ही गोंयकार. आमच्या हुमणात (माशांच्या आमटीत) नारळ, भाजीत नारळ, सोलकढीत नारळ. आमचे पूर्वज काय सगळे हार्टॲटॅकने गेले? मासे आणि नारळ खाऊन माणसं ऐंशी गाठायची.

प्रयोगवही

@मांडवीकाठ, मी अन्नतंत्रज्ञ आहे. ओला नारळ आणि खोबरेल यांत फरक करायला हवा. ओल्या नारळात मेद साधारण एक तृतीयांश, सोबत चोथा आणि पाणी, आणि आपण तो वाटून पातळ करून माशांबरोबर खातो. खोबरेल मात्र शंभर टक्के मेद आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास संतृप्त. २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त निघालं. खोबरेल हे औषध आहे असं जे फिरतंय त्याला आधार नाही. हुमण सुखाने खा. स्टेंट बसलेल्या माणसाला चमचा चमचा खोबरेल पाजू नका, एवढंच.

आणि तुमच्या ताटातला खरा राजा नारळ नाही, बांगडा आणि तारली आहे. त्यांच्यात जी ओमेगा-३ मेदाम्लं असतात ती जमिनीवरच्या कुठल्याच तेलबीत तयार मिळत नाहीत.

मांडवीकाठ

तारलीला राजा म्हटलंत, आता वाद संपला. आमच्याकडे तिला गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडतात. माझ्या आईला आजच वाचून दाखवते.

शेवगा

मी उलट्या बाजूचा अनुभव लिहिते. चार वर्षांपूर्वी लग्नाआधी वजन उतरवायचं म्हणून मी तेल-तूप-दाणे सगळं बंद केलं. उकडलेल्या भाज्या, सूप, फळं. तीन महिन्यांत १३ किलो कमी. सगळे वाहवा करत होते. केस गळायला लागले, पाळी पुढे गेली, तरी मी खुशीत. मग एका रात्री बरगडीखाली उजवीकडे अशी कळ आली की जमिनीवर लोळले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. जेवणात मेद आला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त बाहेर टाकतं. मेदच नाही तर पित्त आत साचून राहतं, त्यात झटपट वजन उतरताना यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, आणि मग खडे धरतात. शेवटी पित्ताशय काढावं लागलं. मी २७ वर्षांची होते. जाईजुई, आईंना हे वाचून दाखवलंत तरी चालेल. शून्य तेल हाही धोकाच आहे.

केवडा

बाप रे शेवगा. हे माहीतच नव्हतं. आता बऱ्या आहात ना?

शेवगा

हो, ठणठणीत. आज मेथीची भाजी केली, दोन चमचे तेलात, लसणाची फोडणी देऊन.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडच्या जवसाचं कोणी नावच नाही घेतलं भौ! विदर्भात जवसाचं तेल रोजच्या सैपाकात असे. नागपूरच्या सावजीच्या रस्श्याला मूळची चव त्याचीच. माझी माय गरम भाकरीवर जवसाचं कच्चं तेल आन् तिखट-मीठ घेऊन बसे. पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियाकडे गेले तर मोहाच्या टोळंबीचं तेल. प्रत्येक मुलखाचं आपलं तेल होतं. आता सगळ्या महाराष्ट्रात एकच, पिशवीतलं, आन् पिशवीत काय हाये ते पिशवीच्या मागं बारीक अक्षरात.

प्रयोगवही

अगदी. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३ असतं (माशांतलं वेगळं). शाकाहारी घरात ओमेगा-३ साठी याच्याइतकं स्वस्त आणि सहज दुसरं काही नाही. मोठा चमचाभर (७ ग्रॅमच्या आसपास) जवसाची पूड घेतली तर दीड ग्रॅम तरी मिळतं. पण बी अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून भाजून कुटायचंच. आणि ते तेल तळणीला नको, लवकर खराब होतं. माय कच्चं घ्यायची ते बरोबर होतं.

बार्सिलोनाकर

वहिनींच्या ऑलिव्ह ऑइलबद्दल दोन ओळी, कारण मी त्याच मुलखात राहतो. १९५८ मध्ये सुरू झालेल्या, आहार आणि हृदयविकाराच्या सात देशांतल्या अभ्यासात ग्रीसच्या क्रीट बेटावरची माणसं उष्मांकातला जवळजवळ ४० टक्के भाग मेदातून घ्यायची, बहुतेक ऑलिव्हचं तेल, आणि हृदयविकार सगळ्यात कमी त्यांच्यात. उलट अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर आठेक वर्षं प्रयोग झाला, एका गटाला सगळाच मेद कमी करायला लावला. २००६ मध्ये निकाल आला, हृदयविकारात म्हणावा असा फरक नाही! म्हणजे मेद किती यापेक्षा कोणता आणि त्याच्या जागी काय खाल्लं, हे महत्त्वाचं.

पण इथले लोक ते तेल कोशिंबिरीवर, टोमॅटो चोळलेल्या पावावर, डाळींवर घेतात, सोबत मासे, अक्रोड, भरपूर भाज्या. बार्शीत ज्वारी, करडई, शेंगा, तूर असताना हजार रुपयांची बाटली कशाला? अण्णांना त्याचा वासही आवडायचा नाही.

रुचिरंग

विषय थोडा बाजूला जातोय, पण पुन्हा तापवलेल्या तेलाबद्दलही बोला ना. आमच्या कॉलनीखाली वडेवाला आहे. कढईतलं तेल कॉफीसारखं काळं होतं, तरी वरून नवीन ओततो.

प्रयोगवही

तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं (तेल मोडून तयार होणारे खराब घटक) साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या जुलैपासून त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही, जैवइंधनाला द्यायचं. घरी यंत्र नसतं, म्हणून खूण लक्षात ठेवा. फेस धरायला लागलं, घट्ट झालं, किंवा तापण्याआधीच धूर येऊ लागला की ते तेल गेलं. उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं, पुन्हा तळणीला नको.

आणि @घाणेवाला_आप्पा, तुमच्यासारखे प्रामाणिक लोक आहेत, पण सुटं तेल अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झाली, पाय सुजून साठच्या आसपास माणसं दगावली.

घाणेवाला_आप्पा

मान्य. माझ्याकडे माणूस समोर उभा राहून आपले दाणे गाळून घेतो आणि पेंडही घरी नेतो. असंच घ्यावं.

जाईजुई (गुरुवार, सकाळी ९.१५)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. @स्टेथो, तुमचा चहाचा प्रश्न वाचून रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "काही नाही गं, नुसती खारी आणि टोस्ट. त्यात कुठे तेल असतं? हलकं असतं ना ते." बेकरीतून पाव किलो खारी येते, ती तीन दिवसांत संपते. खाणारे एकटे अण्णा. शिवाय जेवणात मजा नाही म्हणून चहा दोनचा चारवेळा झालाय, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर.

प्रयोगवही

सापडलं! खारीचे पदर सुटतात ते मैद्याच्या घड्यांमध्ये मेद लाटलेला असतो म्हणून. मैद्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास तो जातो. पाव किलो खारीत ६०-७० ग्रॅम मेद सहज, म्हणजे अण्णांच्या वाट्याला रोज वीसेक ग्रॅम. आईंनी कढईतून जेवढं तेल काढलं तेवढं खारीतून परत आलं.

आणि कुठलं? पूर्वी तो सगळा डालडाच्या जातीचा वनस्पती असायचा. तेलात हायड्रोजन घालून ते गोठवताना ट्रान्स मेद तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि चांगलं कोलेस्टेरॉल उतरवतो, दोन्हीकडून मार. आपल्याकडे २०२२ पासून तेल-तुपात त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी पामचा घट्ट मेद आला, तो संतृप्त. आणि सुट्या खारीवर लेबल नसतं.

स्टेथो

वर मैदा आणि रोजची आठ चमचे साखर. ट्रायग्लिसराइडचं कोडं बरंचसं सुटलं. आईंना दोष देऊ नका, कागदावर "खारी" हा शब्दच नव्हता. आमच्या व्यवसायाची ही चूक आहे. काय बंद ते छापतो, भुकेच्या वेळी काय खायचं ते लिहीत नाही.

ढोबळ हिशेब देतो, तुमच्या डॉक्टरांना दाखवून पक्का करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात २००० उष्मांकांना दिवसाचं तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलंय. अण्णांचं वय, वजन, हालचाल बघता चहाचे चार चमचे म्हणजे २० ग्रॅमच्या आत ठेवा. दाणे, तीळ, खोबरं यांत निम्मा किंवा जास्त मेद असतो, म्हणून कूट सढळ घातला त्या दिवशी तेल एका चमच्याने कमी.

जाईजुई (शनिवार, रात्री ८.५०)

काल बार्शीला आले. धागा आईला पूर्ण वाचून दाखवला. शेवगाचा अनुभव ऐकताना ती पदर तोंडाला लावून बसली होती. मग उठली आणि फ्रिजवरच्या कागदावर पेनाने "खारी, टोस्ट" असं स्वतः लिहिलं.

आता असं ठरलंय. एका स्टीलच्या वाटीत अण्णांचं दिवसाचं तेल सकाळीच मोजून काढायचं, त्यातच भाजी आणि आमटी. चार वाजता फुटाणे किंवा मूठभर भाजलेल्या शेंगा, बिनसाखरेचा चहा एकदाच. जवस आईने भाजलेसुद्धा. तूप पुढच्या तपासणीपर्यंत नाही, भाऊ जरा नाराज आहे.

आज दुपारी आईने चुक्याची भाजी शेंगतेलाची फोडणी देऊन केली. कढईत लसूण पडला तसे अण्णा बाहेरच्या खोलीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तूपभात

हे वाचून बरं वाटलं. तुपाचं माझं मत कायम आहे, पण अण्णांचा रिपोर्ट काय येतो ते जरूर कळवा.

वऱ्हाडी_ठेचा

जवसात थोडे तीळ, सुकी मिरची, लसूण आन् मीठ. भाजताना तडतड थांबली की लगेच उतरवा, नाहीतर कडू होते. आठवड्यापुरतीच कुटा.

जाईजुई

लिहून घेतलं दादा. आईचा शेवटचा प्रश्न, @स्टेथो: तेलाचा चमचा सपाट की शिगोशीग?

स्टेथो

सपाट. आणि चहाचा, वाढायचा नव्हे.